पायऱ्यांना क्रमांक द्यावेत का : रंगविभागातील कार्यपद्धती-लेखनाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

सोलापुरातील अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या सूत-रंगाई व टॉवेल कारखान्याच्या सर्व लेखी कार्यपद्धती नव्याने लिहिण्याचे काम आजपासून माझ्याकडे आले. एकूण ३१ कार्यपद्धती आहेत : रंगविभागाच्या १४, बॉयलर व पाणी-शुद्धीकरणाच्या ७, प्रयोगशाळेच्या ६ आणि मागांच्या देखभालीच्या ४. जुने कागद वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या वर्षी लिहिलेले आहेत. काहींत सलग परिच्छेद आहेत, काहींत ठिपके आहेत, काहींत १, २, ३ आहे, आणि एका कागदावर ४.२.१.३ अशी चार आकड्यांची उतरंड आहे.

व्यवस्थापकांची सूचना एका ओळीची आहे : प्रत्येक कागदावर, प्रत्येक पायरीला क्रमांक हवा. बाहेरून येणाऱ्या तपासनिसाला सर्व कागद एकसारखे दिसावेत, हे त्यामागचे कारण आहे आणि ते गैर नाही. माझी शंका वेगळी आहे. क्रमांक दिला की ‘हे काम याच क्रमाने करायचे आहे’ असे आपण वाचणाऱ्याला सांगत असतो. जिथे क्रमाला काहीच अर्थ नाही तिथेही हेच सांगितले, तर जिथे खरोखर अर्थ आहे तिथे त्याने आपल्यावर विश्वास का ठेवावा? सरसकट क्रमांक देण्याआधी प्रत्येक विभागात जाऊन काम प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मी मागितली आणि ती मिळाली.

९ जानेवारी, गुरुवार

दिवसभर डाइंग मास्तरांबरोबर सूत-रंगाईच्या यंत्रापाशी होते. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाने सुती सूत रंगवण्याचा क्रम त्यांनी न थांबता सांगितला : पाणी, मग सहायक रसायने, मग विरघळवलेला रंग हळूहळू, मग मीठ हप्त्याहप्त्याने, तापमान ६० अंश, काही वेळ फिरवणे, मग सोडा तोही हप्त्याहप्त्याने, त्यानंतर ठरलेली वेळ, नमुना, निचरा, धुणे, अ‍ॅसिटिक आम्लाने उदासीन करणे, ९५ अंशाला सोपिंग म्हणजे साबणाच्या पाण्यात धुणे आणि पुन्हा धुणे.

सोडा मिठाच्या आधी टाकला तर काय होईल, असे मी विचारले. मास्तर म्हणाले, “ताई, मग तो रंग सुताचा राहत नाही, पाण्याचा होतो.” याहून नेमके स्पष्टीकरण मला कुठे वाचायला मिळाले नसते. मीठ रंगाला द्रावणातून धाग्याकडे ढकलते. सोड्याने द्रावण अल्कधर्मी होते आणि तेव्हा रंगाचा रेणू सुताच्या सेल्युलोजशी पक्का बांधला जातो, पण त्याच अल्कधर्मी पाण्यात तो पाण्याशीही अभिक्रिया करून निकामी होतो. रंग धाग्यापर्यंत पोचण्याआधीच सोडा पडला, तर महागडा रंग धुण्याच्या पाण्यातून गटारात जातो आणि जो धाग्यावर राहतो तो डागाळलेला, कमी-जास्त बसतो.

इथे क्रमांक हवेतच, आणि ते ठळक हवेत. आधीच्या कागदावर हाच क्रम एका सोळा ओळींच्या परिच्छेदात लिहिलेला होता. त्यातला ‘त्यानंतर’ हा शब्द मी मोजला, तो अकरा वेळा आला होता. अकरा वेळा ‘त्यानंतर’ लिहावे लागते तिथे लेखकाला क्रमांकच हवे होते, एवढे मला त्यावरून कळले.

११ जानेवारी, शनिवार

पाळी सुरू होताना करायच्या तपासणीचा कागद तपासला. त्यावर नऊ बाबी क्रमांकाने लिहिलेल्या आहेत : हवेचा दाब, वाफेचा दाब, पंपाच्या सीलमधून गळती, झाकणाचे रबर, पॅनेलवरील दिवे, ड्रेन व्हॉल्व्ह, अग्निशामक, जमिनीवर सांडलेले रसायन आणि तराजूचा शून्य. या नऊ बाबींत आधी काय आणि नंतर काय याला काडीचेही महत्त्व नाही, नऊच्या नऊ झाल्या म्हणजे झाले.

सकाळच्या पाळीतला एक नवा मुलगा हा कागद हातात घेऊन काम करताना मी पाहिला. त्याने पहिली बाब शेडच्या पूर्व टोकाला पाहिली, दुसरीसाठी पश्चिम टोकाला गेला आणि तिसरीसाठी परत पूर्वेला आला, कारण कागदावर तसे लिहिले होते. जुन्या कामगाराने तोच कागद खिशात ठेवून एका फेरीत सगळे पाहिले आणि शेवटी नऊ खुणा एकदम केल्या. म्हणजे ज्याने कागदाचे ऐकले त्याची पायपीट झाली आणि ज्याने दुर्लक्ष केले त्याचे काम सोपे झाले. लिहिणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठे अपयश नाही, असे मला मनापासून वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी सुरक्षा तपासणी-यादी दिली, तिची रचना या ठिकाणी उपयोगी पडली. त्या यादीत १९ बाबी आहेत आणि त्या तीन थांब्यांवर वाटल्या आहेत : भूल देण्याआधी, त्वचेला छेद देण्याआधी आणि रुग्णाला शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्याआधी. थांब्यांचा क्रम अटळ आहे, पण प्रत्येक थांब्याखालच्या बाबींपुढे क्रमांक नाहीत, चौकोन आहेत. क्रम जिथे आहे तिथेच तो दाखवला आहे.

आमच्या यादीतही आता क्रमांकांऐवजी चौकोन येतील आणि बाबी शेडमधल्या फेरीच्या वाटेने मांडल्या जातील.

१५ जानेवारी, बुधवार

सिद्धेश्वराच्या यात्रेमुळे दोन दिवस उपस्थिती अगदी कमी होती. प्रयोगशाळेचे दोन कागद घरी बसून लिहिले. त्यात विशेष काही नाही.

२० जानेवारी, सोमवार

११ तारखेच्या नोंदीत मी चौकोनांच्या बाजूने जे लिहिले, त्याला छेद देणारी गोष्ट काल रात्री घडली आणि तीही तितक्याच प्रामाणिकपणे लिहायला हवी.

रात्री पावणेबाराला रंगविभागातून फोन आला. मीठ टाकताना पंप बंद पडला होता आणि फिटरने तो पुन्हा सुरू केला होता. फोनवरचा कामगार म्हणाला, “ताई, पाच झालंय, सहा अर्ध्यावर आहे, आता सहा पहिल्यापासून करायचं का?” त्याच्या एका वाक्यात मला सगळी परिस्थिती समजली. कागद माझ्यासमोर नव्हता, तरी पाठ होता. हेच त्याला परिच्छेद वाचून सांगावे लागले असते तर आम्ही दोघेही आधी जागा शोधत बसलो असतो. सोडा अजून पडलेला नव्हता, म्हणून उरलेले मीठ टाकून पुढे जायला मी सांगितले. सकाळी शेड, म्हणजे रंगाची छटा, बरोबर आली.

क्रमांक म्हणजे पत्ताही आहे, हे मी आधी पुरेसे लक्षात घेतले नव्हते. काम करणारा माणूस कागदाकडून यंत्राकडे आणि यंत्राकडून कागदाकडे सतत नजर वळवत असतो. वीज जाते, कुणी हाक मारते, डबा येतो. परत आल्यावर नेमक्या ओळीवर बोट ठेवता यावे यासाठी ओळीला नाव लागते आणि क्रमांकाहून छोटे नाव नाही. मग क्रम नसलेल्या यादीलाही पत्त्यासाठी क्रमांक द्यावेत का? आज दिवसभर विचार करून मी नाही असे ठरवले आहे, कारण तपासणीच्या यादीत बाबीला स्वतःचेच नाव असते. ‘रबर पाहायचे राहिले’ असे सगळे म्हणतात, ‘चार राहिले’ असे कुणी म्हणत नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

क्रमांक द्यायचे ठरले की ते कोणत्या अंकांत, हा प्रश्न येतो आणि सोलापुरात तो टाळता येत नाही. आमच्या रंगविभागात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चारही माध्यमांतून शिकलेले लोक आहेत. मराठी बोलणे सर्वांना येते, वाचणेही बहुतेकांना येते, पण देवनागरी अंकांपाशी काही जण अडखळतात. देवनागरी एक हा आंतरराष्ट्रीय अंकांतल्या (1, 2, 3) नऊसारखा दिसतो आणि देवनागरी चार हा आठसारखा. पायरी चुकीची वाचली तर माणूस निदान मजकूर वाचून सावरू शकतो, पण लिटरमागे चार ग्रॅमऐवजी आठ ग्रॅम असे वाचले तर सावरायला काही उरत नाही. यंत्राच्या पॅनेलवर, तराजूवर आणि तापमापकावर सगळीकडे आंतरराष्ट्रीय अंकच आहेत.

आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ३४३ मध्ये संघराज्याची राजभाषा देवनागरी लिपीतील हिंदी अशी ठरवली आहे आणि त्याच अनुच्छेदात अंकांचे रूप मात्र भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप असेल असे म्हटले आहे. लिपी एक आणि अंक दुसरे, ही तडजोड तेव्हा जाणत्यांनी मान्य केली होती. मला देवनागरी अंक प्रिय आहेत आणि या नोंदवहीत मी तेच लिहीत राहीन. यंत्रापाशी लावायच्या कागदावर मात्र पायऱ्यांचे क्रमांक आणि मापे पॅनेलवर दिसतात त्याच अंकांत छापली जातील. हा निर्णय मास्तरांना विचारून घेतला आणि त्यांनी तो लगेच मान्य केला.

२९ जानेवारी, बुधवार

आज एक लॉट बिघडला आणि त्याचे कारण माझे लेखन आहे.

ब्लीचिंगनंतर सुतात हायड्रोजन पेरॉक्साइड शिल्लक राहिले तर ते रंगावर हल्ला करते आणि शेड फिकी येते. म्हणून गेल्या आठवड्यात मी ‘पेरॉक्साइड शिल्लक आहे का ते पट्टीने तपासा’ ही नवी पायरी तिसऱ्या जागी घातली. पायरी योग्यच होती. पण त्यामुळे पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकले आणि सोडा टाकण्याची आठवी पायरी नववी झाली. प्रत्येक शेडचे वेगळे रेसिपी कार्ड असते आणि ती कार्डे प्रयोगशाळेत तयार होतात. त्या कार्डांवर अजूनही ‘पायरी ८ पासून ४५ मिनिटे मोजा’ असेच लिहिलेले होते. नव्या कागदावर आठवी पायरी म्हणजे सोड्याआधीची २० मिनिटांची फिरवणी. रात्रपाळीने कार्डाप्रमाणे घड्याळ तिथूनच लावले. गजर झाला तेव्हा सोड्याला प्रत्यक्षात २५ मिनिटेच मिळाली होती. सकाळी धुलाईच्या चाचणीत रंग उतरला. माल बाहेर गेला नव्हता एवढेच चांगले.

कामगाराने कार्डाची आज्ञा अक्षरशः पाळली होती, त्यामुळे त्याच्या नावावर काहीही लिहू नये असे मी व्यवस्थापकांना लेखी कळवले आहे. एक कागद दुसऱ्या कागदातल्या क्रमांकाकडे बोट दाखवत होता आणि मी तो क्रमांक हलवताना बोट दाखवणारा कागद पाहिला नाही, ही चूक माझी आहे.

३१ जानेवारी, शुक्रवार

सरकणाऱ्या क्रमांकांवर उपाय शोधताना पुन्हा संविधानापाशीच आले. शिक्षणाचा मूलभूत हक्क २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने आला, तेव्हा तो २२ क्रमांकावर बसवून पुढचे सगळे अनुच्छेद ढकलले नाहीत, त्याला ‘२१क’ म्हटले. मूलभूत कर्तव्ये १९७६ मध्ये ‘५१क’ म्हणून आली. मालमत्तेच्या हक्काचा अनुच्छेद ३१ हा १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकला, पण ३१ हा आकडा दुसऱ्या कुणाला दिला नाही, ती जागा रिकामी ठेवली. हजारो निकालपत्रे, अर्ज आणि कायदे त्या क्रमांकांचा उल्लेख करतात, म्हणून एकदा दिलेला क्रमांक पुन्हा हलवायचा नाही, ही शिस्त तिथे आहे. आमच्या ३१ कागदांनाही ती लागू करायला हरकत नाही.

दुसरा मार्ग जुन्या संगणकांच्या बेसिक भाषेतला आहे. १९६४ मध्ये आलेल्या त्या भाषेत प्रत्येक ओळीला क्रमांक असे आणि पुढे ओळ घालायला जागा राहावी म्हणून लिहिणारे लोक १०, २०, ३० असे क्रमांक देत. मी एका कागदावर हे करून पाहिले. दोघा कामगारांनी लगेच विचारले की ११ ते १९ चे पान कुठे हरवले. त्यांचे म्हणणे बरोबर होते, म्हणून तो मार्ग सोडला.

ठरले ते असे. वर्षातून एकदा, मार्चअखेर, सर्व कागद आणि सर्व कार्डे एकाच दिवशी नव्याने क्रमांकित होतील. मधल्या काळात नवी पायरी आली तर ती ‘२क’ होईल आणि पायरी रद्द झाली तर तिच्या क्रमांकापुढे ‘रद्द’ असे छापले जाईल. पेरॉक्साइडची पायरी आता २क आहे आणि सोडा पुन्हा आठवर आला आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे, एका कागदाने दुसऱ्या कागदातली पायरी क्रमांकाने सांगायची नाही, कृतीच्या नावाने सांगायची : ‘सोड्याचा शेवटचा हप्ता टाकल्यापासून ४५ मिनिटे’. फोनवर बोलताना दोघांसमोर एकच कागद असतो, तिथे क्रमांक चालतो. दोन कागदांमध्ये मात्र नावच टिकते.

५ फेब्रुवारी, बुधवार

बॉयलरचे कागद हाती घेतले. गेज ग्लासची, म्हणजे बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीची, तपासणी हा क्रमाचा इतका शुद्ध नमुना आहे की तो नव्या लेखकांना शिकवण्यासाठी ठेवावा. आधी ड्रेन कॉक उघडायचा. मग पाण्याचा कॉक बंद करून वाफ मोकळी येते का ते पाहायचे. तो उघडून वाफेचा कॉक बंद करायचा आणि पाणी मोकळे येते का ते पाहायचे. मग वाफेचा कॉक उघडायचा, आणि शेवटी ड्रेन बंद केल्यावर काचेत पाणी झटकन वर चढते का ते पाहायचे. यातली एक कृती मागे-पुढे झाली तर कोणती नळी तुंबली आहे हे कळत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे तुंबलेली नळी मोकळी आहे असे वाटते. एक क्रमांक, एक कॉक, एक निरीक्षण असे लिहून झाले.

जुन्या कागदात एक गंभीर गोष्ट सापडली. काचेत पाणी दिसत नसेल तर बॉयलरमध्ये लगेच पाणी सोडायचे नसते, आधी आग बंद करायची असते, कारण तापून लाल झालेल्या धातूवर पाणी पडले तर स्फोटाचा धोका असतो. जुन्या कागदात पाचवी पायरी ‘पाणी दिसत नसल्यास पातळी पूर्ववत करा’ अशी होती आणि सहाव्या क्रमांकावर ‘टीप : आग बंद असल्याची खात्री केल्याशिवाय पाणी सोडू नये’ असे लिहिले होते. क्रमाने वाचणारा माणूस पाचवी पायरी करून मगच सहावीकडे येणार. क्रमांकांनीच त्याला तसे शिकवले आहे. म्हणजे इथे क्रमांकांनी इशाऱ्याला उशिरा पोचवले.

इशारा ही पायरी नव्हे. त्याला क्रमांक द्यायचा नाही. तो ज्या कृतीबद्दल आहे तिच्या आधी, चौकटीत, मोठ्या अक्षरात येईल. आणि पाणी दिसत नसतानाची कृती मूळ कागदातून काढून वेगळ्या पानावर घेतली आहे, ज्याच्या माथ्यावर एकच वाक्य आहे : आग बंद करा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चार आकड्यांच्या उतरंडीचा कागद मोडला. ४.२.१.३ हे फोनवर कुणीही बिनचूक सांगू शकत नाही. विमानांच्या देखभाल-पुस्तिकांसाठी बांधलेल्या सोप्या इंग्रजीच्या नियमावलीत सूचनेचे वाक्य २० शब्दांपेक्षा लांब नसावे आणि शक्यतो एका वाक्यात एकच सूचना असावी असा नियम आहे. मराठीत तो सहज पाळता येतो, फक्त ‘करून’, ‘घेऊन’, ‘झाल्यावर’ यांनी तीन-तीन कृती एका ओळीत ओवण्याची आपली सवय सोडावी लागते. या नोंदवहीत मी लांब वाक्ये लिहिते, यंत्रापाशी मात्र लिहिणार नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शेड जुळली नाही तर काय करायचे, या कागदावर पूर्ण दिवस गेला आणि शेवटी क्रमांक काढून टाकले. ‘फिकी असल्यास ५ वर जा, गडद असल्यास ९ वर जा, डाग असल्यास १२ वर जा’ असे लिहिले की वाचणारा उड्या मारत राहतो आणि क्रमांकांना क्रम उरत नाही. त्याऐवजी तक्ता केला आहे : डाव्या रकान्यात काय दिसते, मधल्या रकान्यात आधी काय तपासायचे, उजवीकडे काय करायचे.

दोन माणसे एकाच वेळी करतात त्या कामांतही असाच पेच आहे. यंत्रात पाणी भरत असताना दुसरा माणूस कलर किचनमध्ये, म्हणजे रंग तयार करण्याच्या खोलीत, रंग विरघळवत असतो. क्रमांकाने लिहिले की जणू पाणी भरून होईपर्यंत त्याने हात बांधून उभे राहायचे आहे. इथे दोन रकाने केले, प्रत्येक माणसाचे क्रमांक वेगळे, आणि दोघे जिथे भेटतात तिथे आडवी रेघ. हे मला अजून पूर्ण पटलेले नाही. मास्तरांना ते आवडले आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

व्यवस्थापकांसमोर सर्व कागद मांडले. ३१ पैकी १७ क्रमांकाने, ९ चौकोनांनी, ३ तक्त्याने आणि २ परिच्छेदाने लिहिले आहेत. ते दोन परिच्छेद कृतीचे नाहीत, पाण्याचा कठीणपणा रंगावर काय परिणाम करतो अशा माहितीचे आहेत. एकसारखेपणाचा त्यांचा आग्रह मी या रूपात मान्य केला आहे : प्रत्येक कागदाला स्वतःचा क्रमांक, आवृत्ती आणि तारीख एकाच जागी, एकाच प्रकारे असेल. बाहेरच्या तपासनिसाने विचारले की या कागदावर क्रमांक का नाहीत, तर उत्तर कागदाच्या तळाशी एका ओळीत छापलेले आहे : ‘या बाबी कोणत्याही क्रमाने करता येतात.’ ही ओळ मास्तरांनी सुचवली आणि ती कामगारांसाठीही तितकीच उपयोगी आहे.

व्यवस्थापकांनी बॉयलरचे कागद दोनदा वाचले आणि टीप कुठे होती ते स्वतः जुन्या कागदावर पाहिले. त्यानंतर सरसकट क्रमांकांचा विषय निघाला नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सर्व कागद लॅमिनेट करून लावले. जुन्या प्रती काढताना बॉयलर केबिनमध्ये कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला सहाव्या क्रमांकाच्या टिपेसह असलेली एक जुनी प्रत सापडली. तिची नोंद आमच्या यादीत नव्हती. ती काढली, फाडली आणि उरलेल्या सर्व केबिनची कपाटे सोमवारी स्वतः उघडून पाहायची असे ठरवले आहे. रेसिपी कार्डांपैकी पायरी अजून क्रमांकानेच सांगणारी ४० कार्डे बदलायची आहेत. तोपर्यंत ती प्रयोगशाळेतून बाहेर द्यायची नाहीत असे तिथल्या पाळीप्रमुखांना सांगितले.